मांजराला वाचता येत नाही

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणून नव्हे. पण लिहितात, हेही खरं.

आधी स्वतःविषयी, म्हणजे पुढे गोंधळ नको. मी समुपदेशन केंद्राचा व्यवस्थापक. बाई समुपदेशन करतात, लोक रडतात आणि मी वेळा देतो. यात सगळ्यात अवघड काम माझं. रडायला काय, कोणालाही येतं.

आमची पद्धत जगावेगळी आहे. नाव नोंदवताना माणसाने एक पक्षी निवडायचा. खरं नाव फक्त बाईंच्या कपाटात. माझ्या वेळापत्रकात चिमणी, पारवा, घार, खंड्या आणि शेजारी मेलचा पत्ता. मी दारात उभा राहून म्हणतो, पारवा, आत या. सहा फुटांचा पारवा मान खाली घालून आत जातो. निम्मे तर येतही नाहीत, घरूनच स्क्रीनवर बोलतात, कित्येक जण कॅमेरासुद्धा बंद ठेवून. कल्पना बाईंची, पण शिस्त माझी. त्यामुळे कल्पनाही जवळजवळ माझीच.

संध्याकाळी

वेळापत्रकाचं पान दिवसभर समोर. रुक्ष. ब्राउझरमध्ये शोधता शोधता एक मांजर सापडलं. एक्स्टेंशन म्हणतात त्याला. बसवलं की मांजर स्क्रीनभर फिरतं, जांभया देतं, माउसचा बाण दिसला की झडप घालतं. बसवण्याआधी एक पाटी आली: 'हे एक्स्टेंशन सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचू आणि बदलू शकते.'

लोक असल्या पाट्या वाचत नाहीत. मी पूर्ण वाचली. विचार केला. मग अलाऊ दाबलं. मांजर काय वाचणार, कपाळ?

७ फेब्रुवारी

मेहुणी आली होती. ती कॉम्प्युटर कंपनीत आहे, त्यामुळे तिला आपल्याला अक्कल आहे असं वाटतं. कौतुकाने मांजराचं सांगितलं तर तिने परवानगी काय मागितली ते विचारलं. सांगितलं. तर हसली.

म्हणाली, "भावोजी, मांजराला वाचता येत नसेल. मांजराच्या मालकाला येतं."

मग व्याख्यान. खिळा ठोकायला आलेल्या सुताराला आपण सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या देतो का? मी म्हटलं, सुतार चांगल्या घरचा असेल तर देईन. म्हणे एखाद्याच साइटपुरती परवानगी देता येते, किंवा आपण क्लिक करू तेव्हापुरती. हे मला कद्रूपणाचं वाटतं. द्यायचं तर मोकळ्या हाताने द्यावं.

मी ठणकावून सांगितलं की मला लपवण्यासारखं काही नाही. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, मग फोन द्या बघू जरा. फोनची बॅटरी उतरली होती. निदान उतरत आली होती. चार्जिंगला लावला, आतल्या खोलीत.

हिलाही, म्हणजे माझ्या बायकोला, मध्येच काही सांगायचं होतं. पण माझा मुद्दा महत्त्वाचा असल्यामुळे मी तो पुरा केला. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, काही नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी टिटवीची वेळ. ही टिटवी वर्षभर दर बुधवारी दुपारी. स्क्रीनवर, कॅमेरा बंद. टिटवी हे नाव कोणी हौसेने घेतं का? असते एकेकाची आवड.

आज तिने नोंदणीत 'अडचण थोडक्यात' या रकान्यात नवीन लिहिलंय: 'नवरा वाईट नाही. पण ऐकत नाही. घरात मी बोलायला लागले की बोलणं त्याचं होतं.'

वाचून संताप आला. कोण हा गाढव? असल्या माणसांना उभं करून चार शब्द सुनावले पाहिजेत. माझ्यासारख्याच्या हाती दिला तर मी तासभर बोलून त्याला सुतासारखा सरळ करीन.

ठराव: हिचं रोज थोडं ऐकायचं. तसं मी ऐकतोच, पण मुद्दाम. आजच सुरुवात करणार होतो. बातम्या लागल्या.

मांजर टिटवीच्या नावावर येऊन बसलं आणि पंजा चाटत राहिलं. गोड.

१७ फेब्रुवारी

मांजर गायब.

सकाळी ब्राउझर उघडला तर पाटी: 'एक्स्टेंशन बंद करण्यात आले आहे. त्याला आणखी परवानग्या हव्या आहेत.' आधीचं वाचणं-बदलणं होतंच. शिवाय आता तुम्ही कुठे कुठे गेलात त्याचा इतिहास, तुम्ही कॉपी-पेस्ट केलेलं, तुम्ही डाउनलोड केलेलं. मालकाचं नावही बदललंय. आधी एका माणसाचं नाव होतं, आता भलीमोठी कंपनी. मांजर दत्तक गेलं म्हणायचं.

मेहुणीचं बोलणं आठवलं. म्हणूनच मान्य केलं. भीती दाखवून मला कोणी अडवू शकत नाही, हे एकदा स्पष्ट झालेलं बरं. आणि खरं सांगायचं तर सकाळपासून चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं.

मांजर परत आलं. आता त्याच्या डोक्यावर टोपी आहे.

२० फेब्रुवारी

बाईंनी कुठेतरी वाचलं आणि सर्वांनी आपापल्या संगणकावरची नको ती एक्स्टेंशन्स काढावीत असं सांगितलं. सर्वांनी म्हणजे बाई, मी आणि हिशेबनीस. व्यवस्थापक या नात्याने सूचना मीच टाइप केली: 'अनोळखी एक्स्टेंशन बसवू नये. परवानगी देण्यापूर्वी दहादा विचार करावा.' खाली माझी सही. छापून भिंतीवर लावली.

मांजराचं काय, असा प्रश्न मनात आला. पण अनोळखी हा शब्द मी विचारपूर्वक वापरला होता. मांजर आता घरचं आहे.

२६ फेब्रुवारी

भयंकर.

पारव्याचा फोन. त्याला मेल आलाय: 'प्रिय पारवा, वेगळं होण्याचा विचार करताय? आमचे वकील तुमच्या पाठीशी आहेत.' तो मेल त्याच्या मोठ्या भावाने आधी उघडला. आता घरात रणकंदन. पारवा हे नाव आमच्या वेळापत्रकाबाहेर जगात कुठेच नाही. म्हणजे इथूनच फुटलं.

बाई खुर्चीत बसूनच राहिल्या. पाणी दिलं ते प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "लोक इथे येतात ते एवढ्याच भरवशावर. तो गेला तर माझ्याकडे उरलं काय?"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी त्यांना शब्द दिला की फितूर कोण ते मी शोधून काढीन. माझ्या राज्यात फितुरी? गाठ माझ्याशी आहे.

२७ फेब्रुवारी

संशयित: हिशेबनीस.

पुरावा: माणूस रविवारी पक्षी बघायला जातो. पिशवीत दुर्बीण असते. आता सांगा, पक्ष्यांच्या नावांवर चालणाऱ्या केंद्रात पक्षी बघणारा माणूस शिरतो, हा योगायोग?

त्याला बसवून उलटतपासणी घेतली. तो म्हणाला की मी बिलं सोडून काही बघत नाही आणि वेळापत्रकाचा पासवर्ड मला माहीतही नाही. माहीत नाही असं चोरच म्हणतो. मग माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवून विचारतो, हे मांजर काय आहे? मी त्याला विषय बदलू नका म्हणून दम भरला. त्याने पेन्सिल तोंडात घातली. चेहरा पडला होता बिचाऱ्याचा. म्हणजे, चोराचा.

२ मार्च

आता संरक्षण हाती घेतलंय. 'कवच' नावाचं एक्स्टेंशन बसवलं, खास गोपनीयतेसाठी. बसवताना तीच पाटी: सर्व वेबसाइटवरील सर्व डेटा वाचू आणि बदलू शकते. साहजिक आहे. राखणदाराला डोळे नकोत?

पण कवच विश्वासू आहे हे कशावरून? म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरं एक बसवलं. त्यालाही तीच परवानगी. संगणक बैलगाडीसारखा चालायला लागला, पण सुरक्षेची किंमत मोजावी लागते.

दुपारी कवचाने लाल खूण दाखवली: 'मांजर: संशयास्पद.' मी कवच काढून टाकलं. आल्या आल्या घरातल्या माणसावर बोट दाखवणारा राखणदार मला नको.

४ मार्च, बुधवार

घारीला मेल, चिमणीला मेल. खंड्या तर स्वतः आला आणि माझं नाव कपाटातूनही फाडून टाका म्हणून उभा राहिला. मी त्याला धीर देत होतो की तपास माझ्या हातात आहे. तो म्हणाला, तेच ऐकून आलो. या वाक्याचा सूर मला आवडला नाही.

बाईंनी हिशेबनिसाला काही दिवस येऊ नका सांगितलं. माझ्या सांगण्यावरून. तो गेला. दुर्बीण मात्र टेबलावर विसरला. नंतर पोचवीन.

टिटवी नेहमीप्रमाणे बोलली. तासापेक्षा जास्त. काय एवढं साठलेलं असतं बायकांच्या मनात, देव जाणे.

८ मार्च, रविवार. दुपारी

कहर झाला. शत्रू माझ्या घरात घुसला!

जेवणाआधी घरच्या टॅबलेटवर बातम्या वाचत होतो. वरून एक मेल टपकला: 'प्रिय टिटवी, घरात तुमचं कोणी ऐकत नाही का? आम्ही ऐकतो. पहिलं सत्र आजच घ्या.'

टिटवीचा मेल आमच्या घरी! चोर इतके निष्काळजी की पत्तेसुद्धा चुकतात. की हे मला मुद्दाम पाठवलंय? मी तपासाच्या जवळ पोचलोय म्हणून धमकी? तसं असेल तर त्यांनी माणूस ओळखला नाही.

जेवताना हिला सगळं सविस्तर सांगितलं. बाहेर मी तोंड उघडत नाही, पण घरातलं घरातच राहतं. टिटवी कोण, दर बुधवारी काय बोलत असेल, रकान्यात नवऱ्याबद्दल काय लिहिलंय, ते शब्दन् शब्द. आणि तो नवरा किती बिनडोक असला पाहिजे याबद्दल माझं मतही. बरंच बोललो. विषयच तसा होता.

हिचा घास हातातच राहिला. मग ताट तसंच ठेवून उठली. पित्त असणार. तिला सांगून थकलो की सकाळी उपाशी राहू नये.

९ मार्च

ही बोलत नाही. मी दोनदा विचारलं की काय झालं, आणि दोन्ही वेळा काय झालं असावं तेही सांगितलं. तरी बोलत नाही.

संध्याकाळी मेहुणी आली. दोघी आत, दार बंद. माझ्याच घरात माझ्यापासून गुपितं! बाहेर आल्यावर मेहुणी मला म्हणाली, ते मांजर अजून आहे का? मी म्हटलं, केंद्राच्या अंतर्गत बाबी गोपनीय असतात. ती यावेळी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

११ मार्च, बुधवार

बाईंनी बाहेरून एक तज्ज्ञ बाई बोलावल्या. माझा संगणक सगळ्यात शेवटी तपासा, असं मी सुचवलं. त्यांनी सगळ्यात आधी तपासला.

एक्स्टेंशनची यादी उघडली. मांजरावर क्लिक केलं. मग दुसऱ्या खिडकीत काही ओळी धावायला लागल्या आणि त्यांनी बाईंना बोलावून दाखवलं: वेळापत्रकाचं पान उघडलं की पानावर असेल नसेल ते सगळं, नाव, मेल, अडचण, मांजर उचलून त्या भल्यामोठ्या कंपनीकडे पाठवतं. कंपनी ते पुढे विकते. आम्ही तिघं बघत होतो आणि मांजर शेपटी हलवत होतं.

तज्ज्ञ बाईंनी मला विचारलं, बसवताना इशारा आला नव्हता का? मी म्हटलं, आला होता. वाचलात का? पूर्ण वाचला, मी म्हटलं. दोन वेळा आला, दोन्ही वेळा वाचला. पुढे त्यांना काही विचारता आलं नाही. एका अर्थी मी त्यांना निरुत्तर केलं.

माझी बाजू इथे लिहून ठेवतो. दोष त्या पाटीचा आहे. चोराने दारात उभं राहून 'मी चोरी करू शकतो' असं सांगितलं तर माणूस काय समजणार? थट्टा समजणार. इतकं खरं आजकाल कोण बोलतं? थोडं खोटं लिहिलं असतं तर मला नक्की संशय आला असता.

हे बाईंनाही समजावणार होतो. त्या भिंतीवरची माझी सूचना वाचत उभ्या होत्या, सहीसकट. म्हणाल्या, सगळ्यांना मी स्वतः फोन करून सांगते. तुम्ही घरी थांबा. बोलावते. हिशेबनिसाला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि माफी मागितली. मी मान हलवून पाठिंबा दिला.

मांजर काढून टाकलं. काढताना 'नक्की काढायचं?' अशी पाटी आली. ही मात्र मला बराच वेळ वाचावीशी वाटली.

१२ मार्च. सकाळी

घरी. विश्रांतीची गरज होतीच. हिला सांगितलं की बाईंनी आग्रहाने रजा दिली. मग मांजराचंही सांगितलं, कारण मेहुणीकडून उलटसुलट कळण्यापेक्षा माझ्याकडून सुलट कळलेलं बरं. पाटीचा मुद्दा मांडत होतो तेवढ्यात ही समोर येऊन बसली.

म्हणाली, "मी सांगून होईपर्यंत बोलू नका."

मी म्हटलं, बोल ना, मी कुठे... आणि तिने हात वर केला. मी थांबलो.

म्हणाली, "टिटवी मीच."

मी हसलो. मग हसायचं थांबलो.

वर्षभर बोलत होती. बाईंनाही माहेरचं नाव दिलं होतं, मेलचा पत्ताही वेगळा काढला होता, बाईंना आजही माहीत नाही. बुधवारी दुपारी मी नसतो, घर रिकामं असतं, म्हणून ती वेळ. दुसरं केंद्र नव्हतं का, असं मी विचारलं. तेवढंच विचारलं.

"होती की. पण तुम्हीच रोज सांगायचात, आमच्याकडची गोष्ट कुठे बाहेर जात नाही. मला ते खरं वाटलं."

मग म्हणाली, "आणि बाहेर नाही गेली म्हणा. घरीच आली."

माझ्याजवळ उत्तर होतं. उत्तम होतं. मांजर, कंपनी, पाटी, सगळं त्यात बसत होतं. ती आणखी काही सांगेल म्हणून थांबलो होतो. ती उठून आत गेली.

१३ मार्च

'नवरा वाईट नाही' असंही तिने लिहिलं होतं. हे कोणी लक्षात घेत नाही.

१४ मार्च

हिशेबनिसाच्या घरी जाऊन दुर्बीण दिली. आत बोलावलं नाही त्याने. मी काही क्षमा वगैरे मागितली नाही, फक्त दुर्बीण पुसून दिली होती. त्याला ते कळलं असेल.

१९ मार्च

ठराव: हिच्याशी कमी बोलायचं. पाळतोय. घर इतकं शांत असतं हे माहीत नव्हतं. ती बोलायला सुरुवात करील म्हणून समोर बसून राहतो. ती म्हणते, असं टक लावून बघत बसू नका. ऐकायचं म्हटलं तर त्यातही चुका काढतात.

घरच्या टॅबलेटला ती आता पासवर्ड लावते. मी विचारला नाही. टॅबलेट समोर पडला होता तेव्हा एकदा अंदाज केला, तो चुकला. पुन्हा केला नाही.

२५ मार्च, बुधवार. दुपारी

बाईंचा फोन नाही. येईल.

ही सकाळपासून घड्याळाकडे बघत होती. भांडी आवरून झाली, कपड्यांच्या घड्या झाल्या, पुन्हा घड्याळ. काही हवंय का विचारलं तर नको म्हणाली. मग मला उमजलं. बुधवार. बाईंनी तिला पुन्हा वेळ दिलीय, या खेपेला साध्या फोनवर. आणि या वेळेला मी घरात कधीच नसतो. आज होतो. पेपर घेऊन, आरामात.

दोन खोल्यांचं घर. दार लोटलं तरी शब्द इकडे येतात. मला काही ऐकण्यात रस नाही, असं लिहिणार होतो. आहे. फार आहे. ती माझ्याबद्दल काय बोलते हे कळावं म्हणून मी वाटेल तिथे अलाऊ दाबीन.

चपला घातल्या. जरा पाय मोकळे करून येतो म्हटलं, वेळ लागेल. ती बरं म्हणाली. पहिल्या मजल्यापर्यंत उतरलो तेव्हा वर कडी लागल्याचा आवाज आला.

कोपऱ्यावरच्या बाकावर बसून लिहितोय. इथून आमची खिडकी दिसते, पडदा ओढलेला आहे. शेजारचे गृहस्थ पिशवी घेऊन चालले होते, ते थांबले आणि म्हणाले, आज या वेळी इथे? खरं कारण सांगण्यासारखं नाही. तिचं आहे ते, माझं नव्हे. म्हटलं, डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलंय.

ते म्हणाले, मग बसलात का?

उठावं लागलं. ते अजून तिथेच उभे राहून बघतायत. चालता चालता लिहिता येत नाही.